मेलेला माणूस असा दिसत नाही

"हा मेलेला नाही! हा मेलेला असूच शकत नाही! कुणी शिकवलं रे तुला हे?"

शनिवारची सकाळ, साडेअकराची वेळ. आमचे घरमालक डॉक्टर वरच्या मजल्यावर बाथरूमच्या दारात उभे राहून ओरडत होते. आवाज असा, की शेजारच्या गुजराती बेननं कुकरची शिट्टी समजून स्वतःचा गॅस बंद केला. आत आरशासमोर एक साडेसहा फुटी नॉर्वेजियन. तोंडाला पांढरा रंग, डोळ्यांभोवती काळे खड्डे, ओठ काळे, मनगटावर बोट बोटभर लांब खिळ्यांचा चामडी पट्टा, आणि कमरेला काकूंचा पिवळा, फुलाफुलांचा टॉवेल. या माणसानं म्हणे पंधरा वर्षं अर्ध्या युरोपला घाबरवलं होतं. आता तो वॉशबेसिनला पाठ लावून उभा होता आणि मागं जायला जागा उरली नव्हती.

"इतकी वर्षं मी रोज मेलेली माणसं पाहिली," डॉक्टर म्हणाले. "एक, एक माणूस असा नव्हता. हा मेलेला नाही, हा पिठाच्या गिरणीतला आहे!"

हे सगळं इंग्रजीत. पण डॉक्टरांचं इंग्रजीही मराठीतच असायचं, त्यामुळे भाषांतराचे कष्ट मला पडत नाहीत.

मी धावत खाली गेलो. म्हटलं काकूंना सांगावं, पाहुणा पळून जाईल. काकू पोहे परतत होत्या. त्यांचा झारा हवेत थांबला.

"ओरडले? हे ओरडले?"

"हो ना! चला लवकर."

काकूंनी पोह्यांवर झाकण ठेवलं, गॅस बारीक केला आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर शांतपणे बसल्या. "ओरडू दे," म्हणाल्या. "नऊ महिन्यांनी ओरडलेत."

तर हे डॉक्टर. मूळचे मिरजेचे, नंतर आयुष्यभर इंग्लंडातल्या लेस्टरचे. हॉस्पिटलच्या तळघरात त्यांनी पस्तीस वर्षं पोस्टमॉर्टेम केली. बाकीचे मराठी डॉक्टर पार्टीत पेशंटच्या तक्रारी सांगायचे. हे म्हणायचे, "माझ्या एकाही पेशंटनं आजवर तक्रार केलेली नाही."

मी त्यांच्याकडे भाड्यानं खोली मागायला गेलो तेव्हा नोकरी कुठली, व्हिसा किती वर्षांचा, असलं काही त्यांनी विचारलं नाही. मला दारातच उभं करून वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "पाच सात. अडुसष्ट किलो. लिव्हर बरं दिसतंय. राहा." सुपरमार्केटात त्यांच्याबरोबर जाण्यासारखी नामुष्की नाही. पाकिटावरची तारीख वाचायचीच नाही, कोंबडीकडे बघायचं आणि मोठ्यानं जाहीर करायचं, "ही मंगळवारी गेलीय. दुपारी." एकदा त्या काउंटरवरच्या पोरीनं आत जाऊन कागद तपासला. मंगळवारच होता. दुपारचं मात्र कागदावर नव्हतं. पण तिनं त्या दिवसापासून मांसाहार सोडला, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

गुड मॉर्निंग हा प्रकार त्या घरात नव्हता. सकाळी जिन्यात गाठ पडली की डॉक्टर विचारायचे, "आहेस?" आपण म्हणायचं, "आहे." झालं. सगळी विचारपूस त्यात आली. सुरुवातीला मी "हो, बरा आहे, तुम्ही कसे आहात" असं लांबण लावायचो. ते हात झटकायचे. "बरा आहेस का ते मी विचारलं नाही. आहेस का, एवढंच."

आणि या माणसाचं खरं वेड होतं रंगभूषा. "दिवसभर मेलेली तोंडं बघतो," म्हणायचे, "संध्याकाळी एखादं जिवंत तोंड हाताखाली पाहिजे." महाराष्ट्र मंडळाच्या प्रत्येक नाटकाला रंगभूषा डॉक्टरांची. त्यांच्याकडे वडिलांची पत्र्याची पेटी होती, मिरजेहून बोटीनं आणलेली. तिच्यात सफेदा, काजळ, पॅनकेकचे डबे, दाढ्यामिशा चिकटवायचा डिंक, आणि एक पितळी घंटा. नटराजासमोर नारळ फुटल्याशिवाय पेटी उघडायची नाही आणि तिसरी घंटा स्वतः दिल्याशिवाय पडदा हलू द्यायचा नाही, हे दोन नियम.

त्यांच्या कलेचा कळस मी स्वतः पाहिलाय. नाटकात दुसऱ्या अंकाच्या शेवटी वडील हार्ट अटॅकनं जातात, असा प्रसंग होता. डॉक्टरांनी त्या नटाला असा रंगवला, ओठांना असली निळसर छटा दिली, कपाळावर ग्लिसरीनचा असा घाम आणला, की तो खुर्चीत कोसळला आणि प्रेक्षागृहात खुर्च्यांचा एकच खडखडाट झाला. आता आमचं मंडळ म्हणजे काय? माणसं दीडशे, त्यातले डॉक्टर एकशे दहा. उरलेले चाळीस आयटीवाले. ते एकशे दहा उठले. मी वजा करून सांगतोय, पण चौदा जण तर नक्की स्टेजवर चढले. एका भूलतज्ज्ञानं नटाची मान मागं केली, एका जीपीनं छाती दाबायला घेतली, आणि दोन हार्टवाल्यांचं तिथंच जुंपलं की पेशंट कुणाचा. नट ओरडतोय, "अहो, मला अजून तिसऱ्या अंकात भूत म्हणून यायचंय!" पण ऐकतो कोण? बरगडी गेली बिचाऱ्याची. विंगेत डॉक्टर डोळे पुसत होते. मला वाटलं, पश्चात्ताप. जवळ गेलो तर म्हणाले, "चौदा डॉक्टर फसले रे. चौदा."

आणि मग त्यांचा हात हलायला लागला.

उजवा हात. आधी चहाच्या कपात कळायचं, मग पेपर धरताना. औषधं सुरू झाली. काकू पेला निम्माच भरायला लागल्या. पण मंडळाच्या गेल्या नाटकात नायकाची डावी भुवई काढताना हात असा सरकला की ती भुवई कपाळात गेली. नायक तीन अंक आश्चर्यचकित. आई गेल्याची बातमी कळते तिथंही आश्चर्यचकित. लोक हसले. डॉक्टर विंगेत उभे होते. या खेपेला त्यांनी डोळे पुसले नाहीत.

आठवड्यानं ईमेल आली. कमिटीनं लिहिलं होतं की आपल्या दीर्घ सेवेबद्दल मंडळ ऋणी आहे, यापुढं आपण मार्गदर्शकाच्या भूमिकेत राहावं, आणि रंगभूषेसाठी एका तरुण मुलीची योजना केली आहे जिच्याकडे रंग फवारायचं एअरब्रशचं मशीन आहे. डॉक्टरांनी ईमेल दोनदा वाचली. पेटी जिन्याखालच्या कपाटात, व्हॅक्यूम क्लीनरच्या मागं गेली. आणि ओरडणं बंद झालं. कौन्सिलनं कचऱ्याचा वार बदलला, ओरडले नाहीत. मी पासपोर्ट वॉशिंग मशीनमध्ये धुतला, ओरडले नाहीत. सकाळी "आहेस?"सुद्धा विचारेनासे झाले. मीच एकदा जिन्यात उभा राहून म्हटलं, "डॉक्टर, आहे." ते "बरं" म्हणाले आणि पुढं गेले. काकू मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच म्हणाल्या, "हाताचं औषध आहे रे. याचं कुठाय?"

घरात जरा वर्दळ असावी म्हणून काकूंनी रिकामी खोली वेबसाइटवर टाकली. आणि वर्दळ आली ती ही: नॉर्वेचे तिघे, काळ्या कपड्यांचे, केस कमरेपर्यंत, लेस्टरात शनिवारी त्यांचा कार्यक्रम. दारात बूट काढून ओळीनं लावले. जमिनीकडे बघत म्हणाले, "आम्ही ब्लॅक मेटल वाजवतो."

ब्लॅक मेटल म्हणजे काय, ते जाणकारांना विचारा. मला जे ऐकू आलं ते सांगतो. ड्रमवाला दळण लावल्यासारखा सुटतो, गिटारवाला मधमाश्यांचं पोळं उठवतो, आणि गायक दारात बोट सापडल्यासारखा किंचाळतो. विषय तीनच: बर्फ, जंगल, मरण. आणि तोंडाला प्रेताचा रंग लावायचा, ही त्यांची रीत.

काकूंनी त्यांची नावं दोनदा म्हणून बघितली आणि सोडून दिली. थोरला, मधला, धाकटा, अशी वाटणी केली. थोरला गायक, मधला गिटार, धाकटा ड्रम. मग रात्री त्यांनी या मंडळींची माहिती फोनवर वाचली, की यांच्या पंथातल्या काहींनी फार पूर्वी चर्चं जाळली होती. सकाळी बघतो तर देव्हाऱ्यातली काडेपेटी गायब, आणि गॅसचा लायटर काकूंच्या कमरेला. अखेर न राहवून त्यांनी थोरल्याला विचारलंच. थोरला लाजून लाल झाला. "मी तेव्हा अंगणवाडीत होतो," म्हणाला. "आणि माझी आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवते." मग त्यानं बॅगेतून आईनं दिलेलं तपकिरी चीज काढलं. काकूंनी तुकडा तोंडात टाकला आणि निकाल दिला, "हा सातारचा कंदी पेढा आहे. कुणीतरी चुकून मीठ घातलंय." लायटर पुन्हा ओट्यावर आला.

त्याच दिवशी त्यांनी "आहेस?" आणि "आहे" हे शिकून घेतलं. मी शिकवलं. त्या लोकांना दोन शब्दांच्या वर बोलायचा कंटाळाच, त्यामुळे फार आवडलं. जिन्यात एकमेकांना विचारायला लागले. डॉक्टर ते ऐकून थबकले आणि पुढं गेले.

आणि मग तो शनिवार. फोटो काढायचे म्हणून थोरल्यानं सकाळीच तोंड रंगवायला घेतलं, आणि डॉक्टर दाढी करायला म्हणून बाथरूमकडे आले.

मी परत वर गेलो तेव्हा वर्ग सुरू झाला होता.

"मेल्यावर माणूस पांढरा होत नाही. पिवळसर होतो, मेणासारखा. आणि रक्त खाली उतरतं. उताणा मेला तर पाठ जांभळी, पालथा मेला तर तोंड जांभळं. तू कसा मेलास ते आधी सांग."

थोरल्यानं मधल्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. कॉरिडॉरमध्ये तिघांची बैठक झाली. बैठकीनंतर थोरला म्हणाला, "बर्फात. गारठून."

"गुलाबी," डॉक्टर म्हणाले.

"काय?"

"गारठून मेलेल्याच्या अंगावर गुलाबी छटा येते. चालेल?"

काळ्या ओठांचा तो राक्षस असा काही हबकला, की मला त्याची दया आली. गुलाबी रंगात ब्लॅक मेटल होत नाही, एवढं मलाही कळत होतं.

"मग दुसऱ्या कशानं तरी मर."

"एकटेपणानं," धाकटा मागून म्हणाला.

"त्यानं कुणी मरत नाही. निम्मं लेस्टर मेलं असतं."

शेवटी तडजोड झाली. थोरला जंगलात उपाशी चालता चालता डाव्या कुशीवर पडून मेला. डॉक्टर माझ्याकडे वळले. "पेटी आण," म्हणाले. "आणि नारळ."

खाली काकूंनी पेटी आधीच कपाटातून काढून पुसून ठेवली होती. नारळासाठी मी बेल्ग्रेव्ह रोडला पळत गेलो आणि पळत आलो. मागच्या अंगणात नारळ फुटला. तिघे नॉर्वेजियन हात जोडून इतके गंभीर उभे होते, की आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी येऊन बघावं. खोबरं वाटलं. धाकट्यानं दोनदा घेतलं.

मग स्वयंपाकघरात, खिडकीच्या उजेडात, थोरल्याला खुर्चीवर बसवलं. आधीचं सगळं पुसून काढलं. स्पंजनं मेणाचा रंग, डाव्या गालावर आणि कानामागं जांभळी झाक, नखांवर निळं. ही सगळी कामं स्पंजची आणि बोटांची. त्यात हात हलला तरी बिघडत नाही, उलट रंग छान मुरतो. अर्ध्या तासात थोरला असा मेला की काकूंनी नकळत त्याच्यापुढची पोह्यांची बशी मागं ओढली.

"झालं," डॉक्टर म्हणाले.

"काळ्या रेघा?" थोरला म्हणाला. "डोळ्यांपासून खाली. त्या पाहिजेत."

"मेलेल्याला रेघा नसतात."

"परंपरा आहे."

 नारळ आणि तिसरी घंटा यांच्यावर आयुष्य काढलेला माणूस, परंपरेला नाही कसं म्हणणार? डॉक्टरांनी काजळात ब्रश बुडवला, डाव्या हातानं थोरल्याची हनुवटी धरली, आणि उजवा हात पुढं केला.

ब्रश गालापासून दोन इंचांवर थांबला. थांबला कुठला, थांबेचना. काजळाचा थेंब टॉवेलवर पडला. डॉक्टरांनी हनुवटी सोडून डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. मग दोन्ही हात हलायला लागले.  काकू ओट्याकडे तोंड करून नसलेलं भांडं घासत होत्या.

"तू काढ," डॉक्टर मला म्हणाले. माझ्याकडे न बघता.

मी ब्रश हातात घेण्यासाठी पुढं झालो, तोच खुर्चीतून आवाज आला. थोरला डोळे मिटून बसला होता. मिटल्या डोळ्यांनीच त्यानं विचारलं,

"आहेस?"

नॉर्वेचा उच्चार, त्यात आहेसचं काय काय झालं होतं, पण सवाल स्वच्छ होता. आणि त्या घरात या सवालाला उत्तर न देण्याची सोय नव्हती. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, काकूंच्या पाठीकडे पाहिलं.

"आहे," म्हणाले. आणि ब्रश टेकवला.

रेघ सरळ आली नाही. डोळ्याखालून निघाली, थरथरली, मध्येच फाटे फोडले, पुन्हा सावरली आणि जबड्यापर्यंत उतरली. गोठलेल्या तळ्यावर पाय पडला की तडा जातो ना, तशी. मी लेस्टरात तळं गोठलेलं कधी पाहिलेलं नाही, पण ती तशीच होती. डॉक्टर थांबले नाहीत. दुसऱ्या डोळ्याखालीही तसाच तडा गेला. मग कपाळावर. मग ब्रश खाली ठेवून त्यांनी काकूंचा हातआरसा थोरल्यापुढं धरला. आरसाही हलत होता, त्यामुळे थोरल्याला त्याच्या मागं मागं मान हलवावी लागली.

तो सात मिनिटं बघत होता. मी घड्याळ लावलं नव्हतं, पण सातच.

"बोल," डॉक्टर म्हणाले. "आमच्या मंडळाची माणसं ईमेलनं सांगतात. तू तोंडावर सांग."

 थोरल्यानं मान वळवून मधल्याकडे पाहिलं. मधला आपलं तोंड सकाळीच रंगवून बसला होता. त्याच्या रेघा सुरेख, धारदार, पट्टीनं काढल्यासारख्या. त्यानं थोरल्याचा चेहरा या बाजूनं पाहिला, त्या बाजूनं पाहिला. मग ओट्यावरचा ओला नॅपकिन उचलला आणि आपला तयार चेहरा खसाखसा पुसायला लागला. त्याच्या मागं धाकटाही खुर्ची ओढून बसला.

"माझे नॅपकिन!" काकू ओरडल्या. रडत होत्या की हसत होत्या, ते नॅपकिनांच्या नावावर खपून गेलं.

डॉक्टर खाकरले. "रांगेनं या," म्हणाले. "आधी मरणाचं कारण."

संध्याकाळचा कार्यक्रम एका जुन्या गोदामात होता. स्टेजवर नारळ फोडायचा म्हटल्यावर तिथला माणूस म्हणाला, रिस्क असेसमेंटचा फॉर्म भरावा लागेल. डॉक्टरांनी मला सांगून भरून घेतला. धोका कशाचा: नारळाचा. धोका कोणाला: नारळाला. सही झाली. मग काळ्या कपड्यांतल्या चारशे लोकांसमोर डॉक्टर पितळी घंटा घेऊन उभे राहिले. पहिली दिली, दुसरी दिली. हात हलत असल्यामुळे एका घंटेच्या तीस घंटा होत होत्या. देवळात आरतीला होतं तसं वातावरण. तिसऱ्या घंटेला अख्खं गोदाम चिडीचूप. आणि अंधारातून ते तीन चेहरे पुढं आले, तेव्हा पहिल्या रांगेतला एक दंडावर कवट्या गोंदलेला दांडगट मागं सरकला आणि काकूंच्या पायावर उभा राहिला. काकू कानात कापूस घालून पहिल्या रांगेत होत्या. "यांचं घोरणं चाळीस वर्षं ऐकलंय," म्हणाल्या, "मला काय होतंय?"

त्या तीन चेहऱ्यांचे फोटो जगभर गेले. नॉर्वेत गेले, जपानात गेले, आणि फिरत फिरत लेस्टरच्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आले. एअरब्रशवाली मुलगी प्रामाणिक होती. तिनं ग्रुपवर लिहिलं, हे मला येत नाही.

मंगळवारी अध्यक्षांचा फोन. डॉक्टर फोन कानाला धरत नसत, टेबलावर ठेवून स्पीकर लावत. त्यामुळे ते संभाषण माझ्यासकट सगळ्या घरानं ऐकलं.

"अहो डॉक्टर! काय हे, आम्हाला पत्ता नाही! बरं, ते ईमेलचं मनावर घेऊ नका हं. गणपतीतलं नाटक तुमच्याशिवाय होणार नाही, कमिटीनं एकमतानं ठरवलंय. हाताचं काय एवढं, आम्ही सांभाळून घेऊ की. पाचच पात्रं आहेत."

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी पेला उचलला, निम्मा भरलेला चहा सावकाश संपवला आणि पेला खाली ठेवला.

"मेलेली किती?"

"अं? नाही हो, एकही नाही. विनोदी नाटक आहे."

"सध्या मी जिवंत माणसं घेत नाही," डॉक्टर म्हणाले.